दोन बोटं खडेबाजार

"आत्या, चित्र गेलं. आन् सगळी माझ्याकडंच बघायलीत."

राजाबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. फोनवर भाची रक्षा रडत नव्हती. रडली असती तर राजाबाईंनी आधी चहा संपवला असता. रडणाऱ्या बाईला अजून आशा असते. न रडणारीकडं धावत जावं लागतं.

"कुठलं चित्र? ते भिंतीएवढं?"

"व्हय. खडेबाजाराचं. आज संध्याकाळी गाडी येणार हाय, बेंगळूरच्या प्रदर्शनाला न्यायला. सासूबाई म्हणाल्यात, गाडी यायच्या आत चित्र दे, न्हायतर निपाणीची वाट धर."

"आन् तुझा नवरा काय म्हणतोय?"

पलीकडून नुसता मागांचा खडखडाट आला.

"काय म्हणतोय गं?"

"काय बोलंना."

"घर सोडू नको. पुढच्या यष्टीत हाय मी."

निपाणीच्या राजाबाईंना शाळा फारशी लाभली नव्हती. पण गल्लीत कुणाची कोंबडी हरवली, कुणाची सून रुसली, की माणसं पोलिसाआधी त्यांच्याकडं यायची. पोलीस कागद बघतो. राजाबाई तोंड बघायच्या.

विणकरांच्या वडगावात त्या उतरल्या तेव्हा ऊन चढलं होतं. मागांचा खडखडाट गल्लीभर चालू होता. यमनाप्पाचं, रक्षाच्या सासऱ्याचं, घर म्हणजे मागच्या शेडमध्ये पॉवरलूम, पुढच्या खोलीत एक हातमाग आणि माडीवर धाकट्या मंथनची, रक्षाच्या नवऱ्याची, चित्रांची खोली. यमनाप्पा पॉवरलूम सांभाळायचा. थोरला नागराज हातमागावर साड्या विणायचा. मंथन मात्र लहानपणापासून मागाला शिवला नव्हता. तो रंगवायचा. एका फोटोवर चौकोन आखायचा, तितकेच, पण मोठे चौकोन कॅनव्हासवर आखायचा आणि एकेक चौकोन असा भरायचा, की बघणारा म्हणायचा, हा फोटोच आहे. गाडीच्या आरशात पडलेलं ऊनसुद्धा सोडायचा नाही.

दारात अंबूबाई, मंथनची आई, पदर खोचून उभी होती.

"या विहीणबाई. भाचीला न्यायलाच आलाय न्हवं?"

"आधी चहा तरी विचारा. न्यायचं का ठेवायचं ते नंतर बघू."

"चहा करणारी तुमचीच भाची हाय. तिच्या हातचं प्यायला आता भ्याव वाटतंय."

"मग तुम्ही करा. हात झिजत न्हाईत."

अंबूबाईचं तोंड एवढंसं झालं. राजाबाई जिना चढल्या.

माडीवर मंथन रिकाम्या चौकटीसमोर बसला होता. दाढी वाढलेली, बोटांना रंग. चौकट चांगल्या जुन्या सागवानाची होती.

"आज्ज्याचा माग मोडला, त्याचं लाकूड," मंथन म्हणाला. "म्हणून चित्राची उंची साडीच्या पन्ह्याएवढीच, म्हंजे रुंदीएवढीच, येते. लांबी पायजे तेवढी घेतो."

"कवा कळलं?"

"काल सांजच्याला. दुपारी मी गाडी ठरवायला गेलतो. आलो तर असं."

राजाबाईंनी चष्मा लावला. वरची, खालची आणि उजवी बाजू पात्यानं अगदी लाकडाला चिकटून कापलेली. धागाही शिल्लक नाही. पण डाव्या बाजूला, वरपासून खालपर्यंत, दोन बोटं रुंद पट्टी तशीच राहिली होती. पट्टीवर पिवळी भिंत आणि एका स्कूटरचं अर्धं चाक. चाकाच्या रबरावरचा चिखलसुद्धा वाळलेला दिसत होता.

राजाबाईंनी नकळत पदरानं तो पुसून बघितला. मग स्वतःवरच चिडल्या.

"ही पट्टी कशाला ठेवली?"

"घाईत राह्यली असंल."

"घाईत हात वाकडा जातो. ही तर ओळंब्यात हाय. तीन बाजू साफ कापतोय आन् चौथ्या बाजूला चित्र सोडून कापतोय. चित्र विकणारा चोर अर्धं चाक मागं ठेवील काय रं?"

मंथननं मान हलवली.

"कुणावर संशय हाय तुझा?"

त्यानं जिन्याकडं बघितलं. खालून भांड्यांचा आवाज येत होता.  राजाबाईंना तेवढं पुरलं, आणि रागही आला.

स्वयंपाकघरात रक्षा भाकरी थापत होती.

"काल दुपारी घरात कोण होतं?"

"मी हितं. मामंजी मागं शेडात. नागराज भावजी पुढं मागावर. सासूबाई देवळात भजनाला. आन् आदर्श सर येऊन गेले."

"ते कोण?"

"टिळकवाडीत राहत्यात. शाळेत चित्रकला शिकवत्यात. ह्यांचे दोस्त. वर जाऊन चित्र बघितलं आन् गेले."

"तू काय बोललीस त्या चित्राबद्दल? सासू उगंच बोट दाखवणार न्हाय."

रक्षानं भाकरी तव्यावर टाकली. "म्हणालते, एक दिवस चुलीत घालीन."

"का गं?"

"का म्हणजे? मी ह्यांचं डोळं झाकून विचारलं, माझ्या कपाळाला टिकली कुठल्या रंगाची हाय सांगा. सांगता आलं न्हाय. आन् त्या चित्रातल्या भाजीवालीच्या हातात बांगड्या किती, त्यातली फुटकी कुठली, सगळं बरोब्बर. मला त्या भाजीवालीचा राग येतोय आत्या. कापडावरच्या बाईचा."

"केलंस काय तू?"

"मनात लईंदा केलं. हातानं न्हाय."

राजाबाईंनी तिच्या तोंडाकडं बघितलं. खोटं बोलणारी बाई स्वतःचा मत्सर असा ताटात वाढत नाही.

अंबूबाई मागून आलीच. "ऐकलं न्हवं? स्वतःच्या तोंडानं सांगतीया."

"तुम्हाला का एवढं टोचतंय? चित्र गेलं म्हणून, का पोरगा तिच्याकडं गेला म्हणून?"

"माझा पोरगा नाव काढणार होता! गेल्या महिन्यात बेंगळूरची माणसं आलती. त्या चित्रातल्या दुकानाच्या काचेत हिरवी साडी हाय, रुईफुलाच्या काठाची. एकजण म्हणाला, हात लावून बघू काय, खरीच वाटायलीया. टाळ्या वाजवल्या त्यांनी. ती साडी बी आमच्याच घरची. नागराजनं विणलेली. दुकानात लावलेली, तवा मंथननं फोटो काढला."

"मग खरी साडी दाखवली काय पाहुण्यांस्नी?"

"आणलती की नागराजनं, दुकानातनं मागून. पण त्यांस्नी उशीर व्हायलता. पिशवीतनं काढंपर्यंत माणसं गाडीत बसली."

आदर्श सरांना फोन गेला. ते तासाभरात आले, हेल्मेट काखेत धरून. माणूस टापटीप, बोलणं आंबट.

"मी चोरलं म्हणताय?"

"अजून म्हटलं न्हाय. म्हणावं लागंल असं काय केलंय काय?"

"त्या चित्रात चोरण्यासारखं काय आहे? फोटो काढायला मोबाईल आहे. तेच ब्रशनं करायचं आणि लोकांनी तोंडात बोटं घालायची."

"जळतंय व्हय?"

सरांनी हेल्मेट खाली ठेवलं. मग हसले. "जळतंय की. त्याच प्रदर्शनाला माझंही चित्र पाठवलं होतं. परत आलं. पण आज्जी, मी घेतलं असतं तर कापलं नसतं. मागं बारीक खिळे असतात. ते उपसले की कापड अख्खं सुटतं. चित्र कापताना माझा हात थरथरला असता."

राजाबाई बाहेर आल्या. समोरच्या कट्ट्यावर शेजारीण सुवर्णा सूत सोडवत बसली होती. वडगावात अशी एक बाई प्रत्येक गल्लीत असते. सरकारनं कॅमेरे बसवले ते उगीच.

"काल दुपारी हितंच हुतीस?"

"मी कुठं जाते आक्का. हितंच."

"ह्या घरातनं काय लांब गुंडाळी भाईर गेली? तुझ्या छातीएवढी उंच?"

"एवढं काय गेलं असतं तर मी विचारलं नसतं व्हय? सर गेले हेल्मेट घेऊन. अंबूबाई गेल्या टाळ घेऊन. बास."

"आन् आत काय ऐकू आलं?"

"काय ऐकू येणार? मागचे लूम चालूच हुते. पुढचा नागराजचा माग तेवढा जरा वेळ बंद पडलता. जेवायला उठला असंल."

राजाबाई पुढच्या खोलीत शिरल्या. नागराज खड्ड्यात पाय सोडून मागावर बसला होता. चाळिशीकडं झुकलेला, केस विरळ. धाकट्याचं लग्न आधी झालं. हातमागवाल्याला आजकाल मुलगी कोण देतंय.

"काय रं, कसलं विणायलास?"

"नवीन साडी आत्या. आज सकाळीच लावली. वीतभर झालीय."

विणलेलं कापड गुंडाळायचा रूळ त्याच्या पोटाशी होता. त्यावर चादर टाकलेली, चांगली फुगीर. त्यानं चादर जरा सारखी केली. "धूळ बसते," म्हणाला.

"काल दुपारी उठलतास काय?"

"न्हाय. सांजपर्यंत मागावरच."

"जेवायला?"

"आधीच जेवलतो. रक्षानंच वाढलं."

"भावाचं चित्र कसं हुतं?"

"लई चांगलं. असा भाऊ मिळायला नशीब लागतं. मी तर सगळ्यांस्नी सांगतो, माझ्यापेक्षा त्याचा हात मोठा."

राजाबाईंनी मान डोलावली. सकाळपासून या घरात जो भेटला तो कशावर तरी जळत होता. सून चित्रावर, सासू सुनेवर, सर दोस्तावर. एकटा नागराज तेवढा गार. राजाबाईंना गार माणसं पटत नसत. चूल गार असली की त्या आधी राख उकरून बघायच्या.

त्या मागच्या शेडात गेल्या. तिथं यमनाप्पानं एक लूम थांबवला होता. साडी पुरी झाली होती. त्यानं कात्री घेतली आणि कापड आडवं कापलं. सरळ. पण अगदी टोकाशी नाही. मागाच्या बाजूला दोन बोटं कापड राखून.

राजाबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"यमनाप्पा, ते तेवढं का ठेवलं?"

"मागाला नागवं करायचं न्हाय. कापड उतरवताना दोन बोटं मागाला ठेवायची. पुढचं कापड त्यालाच जोडायचं, आन् घरात लक्ष्मी बी राहते. माझ्या बापानं शिकवलं."

"घरात कापड कोण कोण उतरवतंय?"

"मी आन् नागराज. बायका कात्री लावत न्हाईत. मंथन तर मागावर बसलाच न्हाय."

"रक्षा?"

"तिला हिकडं फिरकू बी देत न्हाय हिची सासू. निपाणीच्या तंबाखूवाल्यांची पोर, कापडाला वास लागतोय म्हणती."

"काल दुपारी तुमचे लूम थांबलते काय?"

"थांबवून कसं चालंल? धागा तुटला की बोंब. पाणी बी हितंच पिलो."

राजाबाईंनी चष्मा पुसला. "गाडी कवा येणार हाय?"

"आता तासाभरात."

"मग सगळ्यांस्नी पुढच्या खोलीत बोलवा. सरांस्नी बी."

पुढच्या खोलीत सगळे दाटीनं उभे राहिले. नागराज मागावरून उठला नाही. राजाबाई उंबऱ्यावरच बसल्या. तिथून सगळ्यांची तोंडं दिसत होती.

"आधी एक सांगते. चित्र ह्या घरातनं भाईर गेलंच न्हाय. गुंडाळलं तरी ते साडीच्या पन्ह्याएवढं उंच. सुवर्णाच्या नजरंतनं काडेपेटी जात न्हाय, ते कसं जाईल? सर गेले हातात हेल्मेट घेऊन. म्हणजे सर सुटले."

"उपकार झाले," सर पुटपुटले.

"सरांनी खिळं उपसलं असतं. माझ्या भाचीला खिळं ठाऊक न्हाईत, पण तिनं रागानं कापलं असतं तर फाडलं असतं, आन् पयली ती भाजीवाली फाडली असती. हे कापणाऱ्यानं रागानं कापलं न्हाय. सवयीनं कापलं. तीन बाजू साफ. वरची-खालची साडीच्या काठासारख्या, आन् उजवी पदराच्या टोकासारखी. चौथ्या बाजूला हात आपसूक आत आला आन् दोन बोटं कापड राखून गेला. कारण चौकट मागाच्या लाकडाची. चित्र साडीच्या पन्ह्याचं. आन् हात अशा माणसाचा, ज्यानं जन्मात मागाला नागवं केलं न्हाय."

यमनाप्पाचा हात छातीवर गेला.

"तुम्ही न्हाय यमनाप्पा. तुमचे लूम काल थांबले न्हाईत. पुढचा माग थांबलता. सुवर्णानं ऐकलं. आन् मागावरचा माणूस म्हणतो, मी उठलोच न्हाय."

सगळे नागराजकडं बघायला लागले. नागराज हातातल्या धोट्याकडं बघत होता.

"आता चित्र कुठं? साडीच्या पन्ह्याची गुंडाळी माडीवर दिसली असती, स्वयंपाकघरात दिसली असती. पण जिथं तेवढ्याच पन्ह्याची गुंडाळी रोज असतीया, तिथं कोण बघतंय? नागराज, चादर काढ."

तो हलला नाही. यमनाप्पा पुढं झाला. त्यानंच चादर ओढली. खाली रूळ दिसला आणि म्हाताऱ्यानं एकदम श्वास घेतला. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही.

"वीतभर साडीला एवढं पोट?"

त्यानं रुळाची खुंटी सैल केली आणि उलटा फिरवला. आधी वीतभर नवीन कापड. त्याखाली हिरवी साडी, रुईफुलाच्या काठाची, घड्या मोडून गुंडाळलेली. आणि साडीच्या आत कॅनव्हास. रंग बाहेरच्या बाजूला ठेवून, सुरकुती न पाडता.

मंथन खाली बसला. जमिनीवर खडेबाजार पसरला. दुपारचं ऊन, हातगाड्या, भाजीवाली, दुकानाची काच. काचेत हिरवी साडी. आणि शेजारी फरशीवर तीच साडी, खरी.

 मग नागराजच बोलला, मान खाली घालून.

"फाडणार न्हवतो मी. गाडी गेली की परत वर ठेवणार होतो."

"का रं अण्णा?" मंथननं मान वर केली. "तूच तर सगळ्यांस्नी सांगायचास..."

"सांगायचो. सांगून सांगून तोंड दुखलं. ह्या साडीच्या काठाला माझं डोळं गेलं. दुकानात काचेमागं सगळा हंगाम पडून हुती. एकानं काढून दाखवा म्हटलं न्हाय. तू तिचं चित्र काढलंस आन् त्या माणसानं हात लावून बघू काय म्हटलं! चित्राला! मी खरी घेऊन दारात उभा. तिला हात लावायला कोण थांबलं न्हाय." त्यानं डोळे पुसले. "एक डाव वाटलं, तुझं चित्र बी तसंच पडून राहू दे. काचेमागं."

"आन् माझी भाची?" राजाबाईंनी विचारलं. "तिला घराभाईर काढायलेत ते हितं बसून ऐकत हुतास न्हवं?"

"वाटलं, दोन दिवस माहेरी जाईल. येईल परत."

"दुसऱ्याच्या संसारातले दोन दिवस खर्चायला तुला कुणी सांगितलं? स्वतःची जळण हुती, स्वतःच्या हातावर घ्यायची."

अंबूबाई मध्ये आली. "जाऊ द्या आता विहीणबाई. मिळालं न्हवं? भावाभावातलं हाय. घरातलं घरात मिटवू."

"व्हय की! सुनेवर आळ, तवा चोरी. पोरानं केलं, तवा घरातलं." राजाबाई उठल्या. "सकाळी जे शब्द हिला बोलला, ते एकदा ह्याला बोलून दाखवा. वाट धर म्हणून."

अंबूबाईनं नागराजकडं बघितलं. खोचलेला पदर सोडला.  मग ती रक्षाकडं न बघताच म्हणाली, "चुकलं माझं."

"कुणाला म्हणालाय? भिंतीला?"

"रक्षा, चुकलं माझं."

रक्षा तिच्याकडं बघतही नव्हती. ती मंथनकडं बघत होती.

"सगळी बोलत हुती तवा तुम्ही गप्प का बसला?"

मंथननं कॅनव्हासवरचा हात उचलला. "मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"तूच असशील असं वाटलं."

बाहेर गल्लीत गाडीचा हॉर्न वाजला. आदर्श सर गुडघ्यावर बसून कडेचा कापलेला भाग बघत होते. "दोन बोटं बाजार गेला," ते म्हणाले. "पोचल्यावर चौकट तेवढी लहान करून घे. तिकडं कुणाला कळणार नाही. गुंडाळायला मी मदत करतो, चल." आणि स्वतःच्याच चांगुलपणावर चिडल्यासारखं त्यांनी तोंड केलं.

रक्षानं फरशीवरची हिरवी साडी उचलली. झटकली. घडी घातली.

"ही मी नेसणार हाय तिथं. चित्राच्या बाजूला उभी राहणार."

नागराजनं वर बघितलं. त्याचे ओठ हलले.

"तुमच्यासाठी न्हाय भावजी. माझं तुमच्याकडं अजून बाकी हाय. मला बघायचंय, माझा नवरा कुणाकडं बघतोय."

ती चपला घालून बाहेर गेली आणि टेम्पोच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली. ड्रायव्हर गोंधळला.

"वैनी, पुढं एकच जागा हाय. साहेब बसणार म्हणालते."

"साहेब मागं बसतील. चित्र धरून."

"बेंगळूरपर्यंत?"

"बेंगळूरपर्यंत."

ड्रायव्हरनं मंथनकडं बघितलं. मंथननं आईकडं बघितलं, भावाकडं बघितलं, शेवटी राजाबाईंकडं. राजाबाई पदराच्या टोकानं चष्मा पुसत होत्या. पुसायला बराच वेळ लागत होता.

मंथननं गुंडाळी छातीशी धरली आणि मागून टेम्पोत चढला.